‘४८ तास थांब’ म्हणायच्या आधी: स्वतःचे डीएनएस नेमसर्व्हर उभे करताना

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

   आजचा भाग खूप जणांनी मागितला होता. ‘स्वतःचं डोमेन आहे, स्वतःचा लिनक्स सर्व्हर आहे, तर डीएनएस पण स्वतःच का चालवू नये?’ असा प्रश्न होता.

उत्तर आहे: चालवा. पण आधी माझी एक फजिती ऐका. कमांड्स कुठेही मिळतात. कुठे पाय घसरतो, हे मात्र घसरलेल्या माणसाकडूनच कळतं.

मावशीची वेबसाइट

माझी मावशी साताऱ्याला असते. दिवाळीचा फराळ करून विकते: चकली, अनारसे, करंज्या, चिवडा. आधी सगळं फोनवर आणि व्हॉट्सॲपवर चालायचं. मग मी हौसेने तिला वेबसाइट करून दिली. परदेशात पार्सल पाठवायचं तर ऑर्डर दिवाळीच्या बऱ्याच आधी घ्यावी लागते, त्यामुळे तिच्यासाठी ते तीन आठवडे म्हणजे अख्ख्या वर्षाची कमाई.

साइट माझ्या भाड्याच्या सर्व्हरवर होती आणि डोमेनचे नेमसर्व्हरही मीच चालवत होते. दोन वेगळी यंत्रं, दोन वेगळ्या शहरांत, दोन वेगळ्या कंपन्यांची. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

ऐन सीझनच्या तोंडावर मी साइट नव्या, थोड्या मोठ्या सर्व्हरवर हलवली. डीएनएसमध्ये पत्ता बदलला, माझ्या लॅपटॉपवर तपासलं, फोनवर तपासलं, साइट उघडतेय. दोन दिवसांनी जुनं यंत्र बंद केलं. झालं काम.

संध्याकाळी मावशीचा फोन. ‘अगं, लोकांना साइट उघडत नाहीये.’

मी म्हटलं, ‘मावशी, माझ्याकडे उघडतेय. डीएनएस बदललंय ना, ते सगळीकडे पोचायला वेळ लागतो. ४८ तास थांब.’

हे ‘४८ तास थांब’ वाक्य तुम्ही पण ऐकलं असेल. मी ते अगदी आत्मविश्वासाने फेकलं. ती बिचारी थांबली. आणि ४८ तासांनंतरही निम्म्या लोकांना साइट उघडत नव्हती.

आता ही गोष्ट इथे थांबवते. काय चुकलं हे कळायला आधी यंत्रणा कळायला हवी.

पत्ता कोण सांगतो?

आपण गावात कुणाचं घर शोधतो तेव्हा काय करतो? एसटी स्टँडवर विचारतो. तो म्हणतो, ‘मला घर माहीत नाही, पण ते लोक पेठेत राहतात, तिकडे जा.’ पेठेत गेलो की टपरीवाला म्हणतो, ‘त्या वाड्यात विचारा.’ आणि वाड्यातला माणूस खरा पत्ता सांगतो.

डीएनएस असंच आहे. सगळ्यात वर रूट सर्व्हर. त्यांना ए ते एम अशी १३ नावं आहेत, पण यंत्रं तेराच नाहीत. एकेका नावामागे जगभर पसरलेली पुष्कळ यंत्रं आहेत. रूट सांगतो, ‘डॉट कॉमवाल्यांना विचार.’ किंवा डॉट इन असेल तर त्या रजिस्ट्रीला विचार. डॉट इनचा कारभार निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, पाहते. ती रजिस्ट्री सांगते, ‘या डोमेनचे नेमसर्व्हर हे दोन, त्यांना विचार.’ आणि ते नेमसर्व्हर शेवटचं, अधिकृत उत्तर देतात. आज आपण बोलतोय ते या शेवटच्या पायरीबद्दल. वाड्यातला माणूस आपण होणार आहोत.

ही सगळी पायपीट तुमचा फोन स्वतः करत नाही. त्याच्या वतीने रिझॉल्व्हर करतो. तो तुमच्या इंटरनेट कंपनीचा असेल, किंवा गूगलचा ८.८.८.८, किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१. त्याला उत्तर मिळालं की तो ते काही वेळ लक्षात ठेवतो. किती वेळ? ते आपणच ठरवतो, टीटीएल नावाच्या आकड्याने. टीटीएल ३६०० असेल तर ३६०० सेकंद, म्हणजे एक तास.

म्हणजे बघा, डीएनएसमध्ये काहीही ‘पसरत’ नाही. आपण बदललेला पत्ता कुणी जगभर वाटत फिरत नाही. जुनी उत्तरं आपापल्या वेळेला शिळी होतात आणि रिझॉल्व्हर परत येऊन विचारतात, एवढंच. माझा टीटीएल एक तासाचा होता. मग ४८ तास कुठून आले? कुठूनच नाही. मी ऐकीव वाक्य पुढे ढकललं होतं.

थोडा इतिहास, एका मिनिटात. डीएनएस यायच्या आधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच मजकूर फाइलमध्ये असायची. ती अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. नेटवर्क वाढलं तसं ते झेपेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. १९८७ मधले आरएफसी १०३४ आणि १०३५ हे दस्तऐवज आजही पाया आहेत. आणि बाइंड हे सॉफ्टवेअर बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात लिहायला घेतलं, ते आजही चालतंय.

काय काय लागतं

दोन लिनक्स यंत्रं. छोटी चालतात, चार-पाच डोमेनच्या नेमसर्व्हरला फार मेमरी लागत नाही. पण दोघांना कायमचा सार्वजनिक आयपी पत्ता हवा. घरच्या फायबरवर हे बहुतेक वेळा जमत नाही, कारण पुष्कळ कनेक्शनांवर एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, आणि बाहेरून तुमच्या यंत्रापर्यंत कुणी पोचूच शकत नाही. शिवाय लाइट गेली की डोमेन गेलं.

दोन का? एकाच यंत्राला दोन नावं देऊन काम भागतं, रजिस्ट्रारचा फॉर्म ते मान्य करतो, मला माहितीये. पण ते म्हणजे एकाच किल्लीच्या दोन चकत्या करून दोन कुलपं आहेत असं म्हणणं. १९९७ चा आरएफसी २१८२ नेमका यावरच आहे: दुय्यम सर्व्हर वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या नेटवर्कवर ठेवा.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवतेय? व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक सगळं एकदम बंद. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. देखभालीच्या एका कमांडमुळे त्यांचं अंतर्गत नेटवर्क तुटलं. त्यांच्या नेमसर्व्हरना तसंच शिकवलेलं होतं की डेटा सेंटरशी बोलता आलं नाही तर आपला रस्ता इंटरनेटवरून काढून घ्यायचा. सगळ्यांनी एकाच वेळी काढला. नेमसर्व्हर शाबूत होते, पण त्यांच्यापर्यंत पोचायची वाटच नाही. सुमारे सहा तास गेले. म्हणजे यंत्रं किती आहेत यापेक्षा ती एकाच कारणाने एकदम पडतील का, हे बघायचं.

सॉफ्टवेअर म्हणून आज बाइंड धरू. एनएसडी, नॉट, पॉवरडीएनएस हे पण उत्तम आहेत. एनएसडी तर फक्त अधिकृत उत्तरं देण्यासाठीच बनवलंय. पण शिकायला बाइंडवर सगळ्यात जास्त लिहिलेलं सापडतं.

प्रायमरी उभा करताना

उदाहरणासाठी एक्झाम्पल डॉट कॉम हे नाव घेऊ, ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे. पत्तेही तसेच राखीव: पहिला सर्व्हर एनएस१, पत्ता १९२.०.२.१०. दुसरा एनएस२, पत्ता १९८.५१.१००.२०.

डेबियन किंवा उबंटूवर ॲप्टने ‘बाइंड९’ पॅकेज टाकायचं. सेटिंग सगळं ईटीसी खालच्या बाइंड फोल्डरमध्ये. उबंटूवर सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड आधीच ५३ नंबरच्या पोर्टवर बसलेला दिसेल, पण तो १२७.०.०.५३ या आतल्या पत्त्यावर असतो. घाबरून तो उडवू नका, नाहीतर यंत्राचं स्वतःचंच इंटरनेट गेल्यासारखं होतं.

ऑप्शन्सच्या फाइलमध्ये पहिलं काम: रिकर्जन बंद. ‘रिकर्जन नो.’ आपला सर्व्हर फक्त आपल्या डोमेनबद्दल उत्तर देईल, जगातल्या बाकी कुठल्या नावाची चौकशी करत फिरणार नाही. हे उघडं ठेवलं की लोक त्याचा गैरवापर करतात: खोट्या पत्त्यावरून छोटा प्रश्न पाठवतात आणि आपला सर्व्हर मोठ्ठं उत्तर भलत्याच कुणाच्या अंगावर फेकतो. आपल्या यंत्रावरून दुसऱ्यावर हल्ला.

मग झोन फाइल. ही साधी मजकूर फाइल आहे. सुरुवातीला एसओए रेकॉर्ड. त्यात प्रायमरीचं नाव, जबाबदार माणसाचा ईमेल (त्यात ॲटच्या जागी टिंब असतं, गंमतच आहे), आणि पाच आकडे. पहिला आकडा सिरियल नंबर. प्रत्येक बदलाला तो वाढलाच पाहिजे. रिवाज असा की तारीख आणि त्या दिवशीचा कितवा बदल: २०२५१००३०१. बाकीचे चार: सेकंडरीने किती वेळाने चौकशी करायची, नाही जमलं तर किती वेळाने परत, किती दिवस संपर्क नाही झाला तर आपली प्रत रद्द समजायची, आणि ‘असं नाव नाही’ हे उत्तर रिझॉल्व्हरने किती वेळ धरून ठेवायचं.

त्यानंतर एनएस रेकॉर्ड, दोन्ही नेमसर्व्हरचे. मग ए रेकॉर्ड, म्हणजे नावाचा आयपी. आयपीव्ही६ असेल तर क्वाड-ए. मेलसाठी एमएक्स.

इथे सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे शेवटचं टिंब. झोन फाइलमध्ये पूर्ण नाव लिहिलं तर शेवटी टिंब द्यायचं. नाही दिलं तर बाइंड समजतं की हे अर्धं नाव आहे, आणि मागे परत डोमेन चिकटवतं. एक्झाम्पल डॉट कॉम डॉट एक्झाम्पल डॉट कॉम! शाळेत पूर्णविराम दिला नाही म्हणून अर्धा मार्क जायचा, इथे अख्खं डोमेन जातं.

मराठीत डोमेन घेतलेल्यांसाठी एक गोष्ट. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत मिळतं. पण डीएनएसच्या आत ते देवनागरीत जात नाही. प्युनीकोड नावाच्या पद्धतीने त्याचं रोमन अक्षरांत रूपांतर होतं, सुरुवातीला एक्स, एन आणि दोन डॅश. ब्राउझर हे गुपचूप करतो, पण झोन फाइलमध्ये ते आपण लिहायचं असतं.

फाइल लिहिली की लगेच रीलोड करू नका. ‘नेम्ड-चेकझोन’ आणि ‘नेम्ड-चेककॉन्फ’ ही दोन तपासनीस साधनं बाइंडबरोबरच येतात. ती चालवा, चुका तिथेच दिसतात. मग ‘आरएनडीसी रीलोड’.

सेकंडरी आणि ग्लू

सेकंडरीवर झोन फाइल लिहायची नसते. त्याला फक्त सांगायचं: या झोनचा तू सेकंडरी, प्रायमरी अमुक पत्त्यावर. तो स्वतः जाऊन प्रत आणतो. याला झोन ट्रान्सफर म्हणतात. जुन्या लेखांत ‘मास्टर-स्लेव्ह’ हे शब्द दिसतील, आता प्रायमरी-सेकंडरी लिहितात. डेबियनवर ही प्रत व्हार, कॅशे, बाइंड या फोल्डरमध्ये ठेवा. ईटीसीमध्ये लिहायची त्याला परवानगी नसते. आणि ती फाइल उघडलीत तर कचरा दिसेल, कारण ती बायनरी असते. बिघडलेली नाहीये.

प्रायमरीवर ‘अलाव-ट्रान्सफर’मध्ये फक्त सेकंडरीला परवानगी द्या, ती सगळ्यांना उघडी असेल तर कुणीही येऊन तुमची पूर्ण यादी उतरवून नेईल. त्याहून चांगलं म्हणजे टीसिग किल्ली: ‘टीसिग-कीजेन’ने एक गुप्त किल्ली तयार करून दोन्हीकडे तीच ठेवायची.

आता रजिस्ट्रारकडे. इथे कोंबडी आधी की अंडं असा पेच येतो. एक्झाम्पल डॉट कॉमचा पत्ता एनएस१ डॉट एक्झाम्पल डॉट कॉमला विचारायचा, पण त्या एनएस१चा पत्ता कुणाला विचारायचा? त्याच्याच घरात तो राहतो! म्हणून वरच्या रजिस्ट्रीत नेमसर्व्हरच्या नावाबरोबर त्याचा आयपीही नोंदवून ठेवावा लागतो. हाच ग्लू रेकॉर्ड. रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये याला कुठे ‘होस्ट’, कुठे ‘चाइल्ड नेमसर्व्हर’, कुठे ‘प्रायव्हेट नेमसर्व्हर’ म्हणतात. आधी ग्लू नोंदवा, मग डोमेनचे नेमसर्व्हर बदला. आणि पुढे कधी नेमसर्व्हरचा आयपी बदलला तर झोन फाइलबरोबर इथेही बदलायला विसरू नका.

मावशीची वही

आता परत साताऱ्याला.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, मी मावशीकडे गेले. सोबत लॅपटॉप, आणि चेहरा पडलेला. ती तळणीसमोर उभी होती. म्हणाली, ‘बस. आणि ती वही बघ.’

तिने वही केली होती. ज्या ज्या गिऱ्हाइकाचा फोन आला, त्याचं नाव, वेळ, आणि साइट उघडली की नाही. शेजारी खूण: बरोबर किंवा फुली. मी आपली वाचत गेले आणि एका नावावर थांबले. पुण्याच्या एका बाईंना शनिवारी सकाळी साइट उघडली होती. दुपारी नाही. रात्री परत उघडली.

मी ते दोनदा वाचलं. कारण माझा जो सिद्धांत होता, जुनं उत्तर कुठेतरी साठलंय आणि हळूहळू जाईल, त्यात हे बसतच नव्हतं. जुनं शिळं होऊन नवं आलं की परत जुनं येणार कुठून? कुठूनतरी कुणीतरी अजूनही ताजं ताजं जुनं उत्तर वाटत होतं. आणि वाटणारे जगात दोनच होते. दोन्ही माझे.

लॅपटॉप उघडला. मी इतके दिवस फक्त एनएस१ला विचारून तपासत होते. आता डिग, ॲट एनएस१, डोमेन, एसओए. सिरियल नवा. मग डिग, ॲट एनएस२, डोमेन, एसओए. सिरियल जुना. एनएस२ अजूनही बंद केलेल्या यंत्राचाच पत्ता लोकांना देत होता.

सेकंडरी म्हणजे स्पेअर टायर असं मी समजत होते. पहिला पडला तरच दुसरा. तसं नाहीये! रिझॉल्व्हरच्या दृष्टीने दोघेही सारखे. कोण कधी कुणाला विचारेल, हे आपल्या हातात नाही. टीटीएल एक तासाचा, म्हणजे तासातासाला परत विचारणा, आणि दर वेळी दोघांपैकी कुणीही. म्हणून सकाळी बरोबर, दुपारी फुली, रात्री बरोबर.

पण एनएस२ने नवी प्रत का आणली नाही? सिरियल मी वाढवला होता. एनएस२च्या लॉगमध्ये बघितलं. प्रायमरीकडून ‘बदल झालाय’ अशी सूचना आलेली, नोटिफाय म्हणतात तिला. ती मिळाली होती. नंतर ट्रान्सफरचा प्रयत्न, आणि टाइम आउट. परत प्रयत्न, परत टाइम आउट. पानंच्या पानं. हा लॉग मी कधी उघडलाच नव्हता.

कारण होतं फायरवॉल. महिन्याभरापूर्वी मी एनएस१वर ‘सुरक्षा वाढवली’ होती. नको ते सगळे पोर्ट बंद केले आणि डीएनएससाठी यूडीपी ५३ उघडा ठेवला. फक्त यूडीपी. बीटेकला कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या पेपरात मी हेच लिहून मार्क घेतले होते: डीएनएस यूडीपीवर चालतं, पोर्ट ५३.

अर्धं खरं. साधे प्रश्न बहुतेक यूडीपीवर जातात. नोटिफाय आणि सिरियलची चौकशीही यूडीपीवर जाते. पण झोन ट्रान्सफर टीसीपीवर होतं. शिवाय उत्तर यूडीपीत मावलं नाही तर रिझॉल्व्हरला टीसीपीवर परत यावं लागतं. २०१६ चा आरएफसी ७७६६ तर स्पष्ट सांगतो की डीएनएस सर्व्हरला टीसीपी आलंच पाहिजे. म्हणजे माझ्या एनएस२ला कळत होतं की नवीन काहीतरी आहे, पण ते आणायचा दरवाजा मीच बंद केला होता.

आणि महिनाभर काहीच का बिघडलं नाही? कारण महिनाभर मी झोनमध्ये काही बदललंच नाही. सिरियल तोच, ट्रान्सफरची गरजच पडली नाही. चूक एका दिवशी झाली, दिसली दुसऱ्याच दिवशी.

अजून एक गोष्ट, हिचा विचार करून मला नंतर जास्त भीती वाटली. माझा एसओएमधला मुदतीचा आकडा दोन आठवड्यांचा होता. मी काहीच केलं नसतं तर दोन आठवड्यांनी एनएस२ने आपली प्रत रद्द केली असती आणि उत्तर द्यायचं बंद केलं असतं. मग रिझॉल्व्हर गुपचूप एनएस१कडे वळले असते आणि साइट सगळ्यांना नीट दिसू लागली असती. मी म्हटलं असतं, ‘बघ, झालं ना आपोआप!’ आणि मी एका पायावर उभी आहे हे मला कळलंच नसतं.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. फायरवॉलमध्ये टीसीपी ५३ उघडला, एनएस२वर ‘आरएनडीसी रीट्रान्सफर’, सिरियल जुळला. तासाभरात जुनी उत्तरं शिळी झाली. संध्याकाळपर्यंत वहीत एकही फुली नव्हती.

गेलेल्या ऑर्डर गेल्या. काही लोकांनी दुसरीकडून घेतल्या. मी मावशीला म्हटलं, ‘चूक माझी होती. ४८ तास वगैरे काही नसतं.’ ती म्हणाली, ‘मला त्यातलं काही कळत नाही गं. पण तू आधीच म्हणाली असतीस की मला माहीत नाही, बघते, तर मी त्याच दिवशी सगळ्यांना फोनवर ऑर्डर घेते म्हणून कळवलं असतं.’

हे मला जास्त लागलं. बिघाड दोन मिनिटांचा होता. तीन दिवस माझ्या खात्रीने घालवले.

मग तपासायचं कसं

आता मी काय करते ते सांगते.

एक. प्रत्येक नेमसर्व्हरला वेगवेगळं विचारायचं. डिगला ‘प्लस एनएससर्च’ हा पर्याय दिला की तो डोमेनच्या सगळ्या नेमसर्व्हरांकडून एसओए आणून एकाखाली एक दाखवतो. सिरियल सारखे दिसले पाहिजेत. आणि एकेकाला विचाराल तेव्हा उत्तरात ‘एए’ हा फ्लॅग बघा, म्हणजे उत्तर अधिकृत आहे.

दोन. तोच प्रश्न ‘प्लस टीसीपी’ लावून परत. आणि हे सर्व्हरच्या आतून नाही, बाहेरून. घरच्या लॅपटॉपवरून, फोनच्या हॉटस्पॉटवरून.

तीन. ‘प्लस ट्रेस’. हा रूटपासून एकेक पायरी उतरत दाखवतो. वरच्या रजिस्ट्रीत भलतेच नेमसर्व्हर नोंदवलेले असतील तर इथेच उघडं पडतं.

चार. स्थलांतराच्या दोन-तीन दिवस आधी टीटीएल पाच मिनिटांवर आणायचा, म्हणजे ३००. हलवल्यावर सगळं ठीक दिसलं की परत वाढवायचा. आणि जुनं यंत्र लगेच बंद करायचं नाही. त्याच्या लॉगमध्ये माणसं यायची थांबली की मगच.

पाच. क्रॉनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट. दर १५ मिनिटांनी दोन्ही सर्व्हरना टीसीपीवरून सिरियल विचारते. दोन तपासण्या लागोपाठ जुळल्या नाहीत किंवा उत्तर आलं नाही तर माझ्या फोनवर मेसेज. जेमतेम वीस ओळी आहेत. मावशीच्या वहीचीच नक्कल.

दोन गोष्टी मुद्दाम बाजूला ठेवल्या. एक, डीएनएसेक, म्हणजे उत्तरांवर डिजिटल सही. चांगली गोष्ट आहे, बाइंडमध्ये आता ती बरीच सोपी झालीये. पण सही चुकली तर तपासणाऱ्या रिझॉल्व्हरांसाठी अख्खं डोमेन गायब होतं. आधी दोन महिने साधं चालवून बघा. दुसरं, रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव. ते तुमच्या झोन फाइलमध्ये नसतं, ते ज्या कंपनीकडून आयपी घेतलाय तिच्या पॅनेलमध्ये लावायचं. मेल सर्व्हर चालवणाऱ्यांना ते लागतंच.

स्वतः चालवायचं का?

शेवटचा प्रश्न, आणि प्रामाणिक उत्तर. गरज म्हणून बघितलं तर बहुतेकांना नाही. रजिस्ट्रारचं डीएनएस बहुतेक वेळा डोमेनबरोबरच मिळतं आणि बरं चालतं. तुमच्या डोमेनवर दुसऱ्या कुणाचं पोट अवलंबून असेल तर मधला रस्ता आहे. प्रायमरी स्वतःचा ठेवा, पण त्याचं नाव बाहेर जाहीर करू नका. लोकांना उत्तर देणारे सेकंडरी एखाद्या डीएनएस सेवेचे घ्या. पुष्कळ सेवा झोन ट्रान्सफरने प्रत उचलतात. झोन फाइल तुमच्या हातात, आणि उभं राहायला भक्कम जमीन. मावशीचं डोमेन मी आता तसंच चालवते.

पण शिकायचं असेल तर तुमच्या स्वतःच्या, रिकाम्या डोमेनवर हे सगळं एकदा नक्की करा. दोन छोटी यंत्रं, एक रविवार. मग मुद्दाम मोडून बघा. टीसीपी बंद करा, सिरियल वाढवायला विसरा, टिंब काढून टाका, आणि प्रत्येक वेळी डिग काय दाखवतो ते बघा. जिथे कुणाची ऑर्डर जात नाही, तिथे चुकून घ्या.

आणि कुणी विचारलं, ‘साइट उघडत का नाहीये?’ तर ‘४८ तास थांब’ म्हणायच्या आधी दोन्ही नेमसर्व्हरना एकेकदा विचारा. नसेल माहीत तर तसं सांगा.

चला, आज एवढंच. तुमचं काही असंच अडलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू!